जोड

एकशे चौदा.
अंगणात मांडून आज मोजली.
फुटलेली इकडे, तडकलेली तिकडे,
आणि बोटानं वाजवली तर
ठण्ण न म्हणता जी ठप्प म्हणतात
ती तिसऱ्या ढिगात, पायरीशी.
बाकीची अजून वर आहेत.
त्यांच्याबद्दल येसबा सपकाळ बोलत नाहीत.
आढ्यावर बसून तंबाखू मळतात,
केळघर घाटाकडं बघतात.

"बाई, वानरं हायती तवर कौलारू घर
म्हंजी मांजराच्या भरवशावर दुधाचं पातेलं."

वानरांचा तसा राग येत नाही मला.
फणसावरून टाकीवर, टाकीवरून आमच्यावर,
आमच्यावरून शाळेच्या गच्चीवर,
त्यांची वाट ठरलेली.
वाटेत आम्ही घर बांधलं.

मेढ्याहून इरफान शिकलगार आला, टेप घेऊन.
कॅलेंडरच्या पाठीवर हिरव्या शाईनं लिहिलं:
अँगल, रंगीत पत्रा, वेल्डिंग, गाडीभाडं.
त्र्याण्णव हजार.
"तुम्ही अंगणवाडीच्या ताई, म्हणून नव्वद."
येसबांचा हिशेब तोंडी:
चार वासे, रिपा, अडीचशे कौलं,
ती पण पाटणकडं कुणाचं घर उतरलं तर तिथली जुनी.
"अकरा हजार धरा. आन् फुडल्या साली परत मी."
हे म्हणताना त्यांनी
स्वतःच्या डाव्या गुडघ्याकडं बघितलं.
आसपासच्या पाच वाड्यांत
कौलांवर चढणारं दुसरं कुणी उरलं नाही.

वाशीहून ह्यांचा फोन. मागं कांद्याच्या गाड्यांचे हॉर्न.
"पत्राच टाक. एकदाच काय तो खर्च."
गणपतीत पाच दिवस येतात, शिमग्याला दोन.
एकदाच हा शब्द त्यांना सोपा जातो.
पत्र्याखाली मी रोज बसते, अंगणवाडीत.
एप्रिलमध्ये सतरा पोरं
खिचडी शिजायच्या आधीच पेंगतात,
आणि आषाढात बडबडगीत मी ओरडून म्हणते
तेव्हा पोरांना नुसतं माझं तोंड हलताना दिसतं.
तीही तोंडं हलवतात.
शब्द कुणाचेच पोचत नाहीत.

घर फिरलं की वासे फिरतात, म्हणतात.
आमचं घर कुठं फिरलंय?
वासे मात्र फिरलेत, खरोखरचे,
दक्षिणेकडचा तर चांगला चार बोटं.
येसबांनी त्यात खिळा खुपसला
आणि खिळा मुठीपर्यंत आत गेला,
भाकरीत बोट जावं तसा.
मी काही बोलले नाही. तेही नाहीत.

रात्री कपाटापाशी उभी राहिले.
गळतं तिथून पलंग हलवता हलवता
नऊ वर्षांत चार जागा झाल्या.
आता तो कपाटाला टेकलाय,
उजवं दार उघडतच नाही.
डाव्या दाराच्याच साड्या नेसते मी.
उजवीकडं हिरवी इरकल आहे
आणि मेव्हणीच्या लग्नातली मोरपंखी,
कसर लागली असेल की नसेल.
कुणाच्या हिशेबात ही ओळ नव्हती.
ना हिरव्या शाईत, ना तोंडी.

सकाळी इरफानला फोन केला.
माजघर, चूल, मधली खोली: पत्रा.
खाली थर्माकोल लाव, आवाजासाठी, जेवढा बसेल तेवढा.
पडवी मात्र कौलारूच राहू दे.
पडवीपुरती चांगली कौलं आहेत वर,
आणि पुढच्या साली
येसबांना यायला काहीतरी हवं.
वानरांनाही.

इरफान जरा वेळ गप्प.
"ताई, वरून पत्रा आणि खाली कौल,
उलट्या वाऱ्याचं पाणी जोडातनं आत येणार.
आधीच सांगतो, मागनं बोल नको."

कुठल्या भिंतीला येईल, मी विचारलं.
त्यानं सांगितलं.

येऊ दे म्हटलं.
तिथं कपाट नाही.